दोना पावलावरून दिसतं ते आपलंच जहाज

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघालेलं क्रूझ जहाज सकाळी गोव्याला लागतं असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ते मुरगावला लागतं. हा फरक तिकिटावर बारीक अक्षरात असतो आणि प्रवाशाच्या मनात मुळीच नसतो. नाश्त्याच्या बुफेत इडली, ऑम्लेट आणि कलिंगड अशी त्रिस्थळी यात्रा आटोपून मंडळी खाली उतरतात, टॅक्सी ठरवतात, वास्को, दाबोळी, कुठ्ठाळी करत झुआरीचा पूल ओलांडतात आणि तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा घालून दोना पावलाला पोचतात. ‘एक दुजे के लिये’ १९८१ साली आला, तेव्हापासून तिथल्या खडकावर उभं राहून क्षितिजाकडे हात करण्याची रीत पडली आहे. समोर, पाण्यापलीकडे, डोंगराचं एक टोक दिसतं. टोकाशी क्रेन दिसतात आणि क्रेनच्या शेजारी एक भलंमोठं पांढरं जहाज. “काय सुरेख दिसतंय नाही!” असं म्हणत सगळे फोटो काढतात. ते टोक मुरगावचं आणि ते जहाज आपलंच. पाण्यावरून अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. आपण निघालो ती जागा सुरेख आहे, एवढं कळायला पूर्ण टॅक्सीभाडं पडलेलं असतं, आणि तरी ते कोणाला कळतच नाही.

पहिल्यांदा गोव्याला येणाऱ्याने हे सगळं खुशाल करावं. जुन्या गोव्याची चर्चं, आग्वादचा किल्ला, कळंगुट हे न पाहता तो घरी गेला तर घरचे लोक त्याला जाब विचारतील, आणि ते योग्यच आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्यांदा, चौथ्यांदा, आठव्यांदा येणाऱ्याचा. मराठी माणसाच्या गोव्याच्या खेपा मोजायच्या नसतात. कॉलेजची सहल, लग्नानंतरचे चार दिवस, मुलं लहान असताना एकदा, मुलं मोठी झाल्यावर त्यांना टाळून एकदा, आणि ऑफिसच्या ‘कॉन्फरन्स’च्या नावाखाली किती वेळा, ते घरी सांगण्यासारखं नसतं. त्याच्या अल्बममध्ये एकाच चर्चसमोरचे पाच फोटो निघतात. चर्चमध्ये चारशे वर्षांत फारसा बदल नाही, समोर उभ्या असलेल्या माणसात मात्र वीस वर्षांत पुष्कळ आहे. तरी जहाजातून उतरला की तो पुन्हा त्याच वाटेने धावतो. याचं कारण आळस नाही, जुना नकाशा आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटी देवगड, मालवण, वेंगुर्ला करत शेवटी मांडवीत शिरायच्या आणि पणजीच्या धक्क्याला लागायच्या. बोटीने गोव्याला जाणं म्हणजे पणजीला उतरणं, हे समीकरण आजोबांकडून नातवाकडे आलं. त्या बोटी बंद होऊन तीन दशकं उलटली. आताचं जहाज झुआरीच्या मुखाशी, दक्षिणेच्या अंगाला लागतं. उतरणारा मात्र अजून मनाने मांडवीतच उतरतो.

आता वेळेचा हिशेब करू, कारण बंदरातला दिवस हा सुट्टीचा दिवस नसून हिशेबाचा दिवस असतो. जहाज सकाळी नऊला लागलं आणि संध्याकाळी सहाला सुटणार, असं धरा. कागदावर नऊ तास. त्यातला पहिला तास रांगेत, ओळखपत्र केबिनमध्ये राहिलंय हे आठवण्यात आणि ते आणण्यात जातो. शेवटचा तास आधी परतायचं असतं. उरले सात. मुरगाव ते कळंगुट पंचेचाळीसेक किलोमीटर, वाटेत पणजी, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास. जेवणाला दीड, कारण सुरमई ताजी आहे का याची चौकशी सविस्तर करावी लागते. काजूच्या दुकानाला एक, कारण चार दुकानांत चव घेतल्याशिवाय पाचव्यात घेता येत नाही. उरला दीड तास. या दीड तासात माणूस काय पाहतो? समुद्र! काल दुपारपासून ज्याच्या चारी बाजूंना समुद्राशिवाय काही नव्हतं, जो रात्री समुद्रावर झोपला आणि सकाळी समुद्रावर उठला, तो टॅक्सी करून समुद्र पाहायला जातो. तोही निम्मा, कारण उरलेला निम्मा वेळ तो घड्याळ पाहत असतो. जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. धक्क्यावर पिशव्या सांभाळत धावत येणारं जोडपं आणि वर कठड्याला रेलून टाळ्या वाजवणारे सहप्रवासी, हा क्रूझवरचा एकमेव करमणुकीचा कार्यक्रम असा आहे की ज्याचं वेगळं तिकीट लागत नाही.

म्हणून साधं म्हणणं असं की पुन्हा आलेल्या माणसाने बंदराच्या दिवशी झुआरीचा पूल ओलांडूच नये. नवा पूल मोठा आहे, तारांचा आहे, रात्री दिव्यांनी छान दिसतो, त्याचा मान राखून त्याच्या अलीकडेच थांबावं. वेळ वाचतो म्हणूनच नव्हे. जे पाहायला आपण पलीकडे धावतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ अलीकडे आहे म्हणून.

जिथे जहाज बांधलेलं असतं तिथूनच सुरुवात करू. १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजा जुन्या गोव्याच्या तोंडाशी येऊन ठेपल्या. जुवे बेटावरचा किल्ला मराठ्यांनी घेतला, तेव्हा व्हाइसरॉयने सेंट झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड त्या संताच्या हाती दिला आणि आता तूच सांभाळ म्हणून प्रार्थना केली. संकट टळलं, पण धसका राहिला. राजधानी इतकी उघड्यावर नको, असं ठरून ती मुरगावच्या टेकाडावर हलवायचं घाटलं. तिथे किल्ला होताच, इमारतींची कामंही सुरू झाली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एक व्हाइसरॉय तिथे थोडे दिवस राहूनही आला आणि मग बेत बारगळला. सरकारी कार्यालय हलवण्याचा निर्णय होणं, त्यावर वर्षानुवर्षं खर्च होणं आणि कोणीही न हलणं, या प्रकाराची सुरुवात स्वातंत्र्यानंतर झाली असा ज्यांचा समज आहे त्यांनी मुरगावला जरूर उतरावं. किल्ल्याचं आज फारसं काही उरलेलं नाही. पण मराठी प्रवासी जिला ‘नुसतं बंदर’ म्हणून ओलांडून जातो, ती जागा मराठ्यांच्या भीतीने गोव्याची राजधानी होता होता राहिली आहे. एवढं कळल्यावर तिथे पाच मिनिटं थांबायला हरकत नसावी.

याच पाण्यात एक प्रसंग असा घडला आहे की तो क्रूझच्या प्रवाशांनी आपला कुलाचार म्हणून सांगावा. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून १९३९ पासून जर्मन व्यापारी जहाजं मुरगावच्या आश्रयाला येऊन राहिली होती. त्यांतलं ‘एरेनफेल्स’ गुपचूप बिनतारी संदेश पाठवून पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांचा ठावठिकाणा कळवतं, असा इंग्रजांचा संशय. तटस्थ बंदरात आरमार पाठवता येईना. मग त्यांनी कोणाला पाठवावं? ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळातल्या गृहस्थांना. हे कोण, तर ज्यूट, चहा आणि हिशेबाच्या धंद्यातले, क्लबात बसणारे, पोट सुटलेले मध्यमवयीन लोक. घोडदळाचे लोक, आणि काम समुद्रावरचं! त्यांच्यासाठी वाहन ठरलं ‘फीबी’ नावाचं, बंदरातला गाळ वाहून नेणारं बार्ज. ते कलकत्त्याहून सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून आलं, आणि बरेच गृहस्थ कोचीनला आगगाडीने येऊन त्यावर चढले. ९ मार्च १९४३ च्या रात्री ते मुरगावात शिरले. ते कार्निव्हलचे दिवस होते आणि खलाशांना गावात गुंतवून ठेवण्याची सोयही झालेली होती. गृहस्थांनी शिड्या लावून ‘एरेनफेल्स’ गाठलं, जर्मनांनी ते स्वतःच बुडवलं, बाकीची जहाजंही त्यांच्या खलाशांनी पेटवून बुडवली, आणि ही मंडळी सुखरूप परत जाऊन आपापल्या ऑफिसात रुजू झाली. पुढे पस्तीस वर्षं ही गोष्ट गुप्त राहिली. १९८० साली तिच्यावर ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट निघाला, त्यात ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन होते. वय पन्नाशीकडे झुकलेलं, सकाळी उठवत नाही, रक्तदाबाची गोळी चालू, अशा माणसांनी या बंदरात येऊन इतिहास घडवला आहे. आणि त्याच बंदरात त्याच वयाचा आपला प्रवासी डेकवर उभा राहून विचारतो, “दुसरा चहा फ्री आहे का?” पुढे १८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीच्या लढाईत ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या आपल्या युद्धनौकांनी ‘अफॉन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज नौकेला गाठलं तेही याच मुखाशी. तो सगळा देखावा केबिनच्या खिडकीतून दिसू शकतो. पडदा तेवढा उघडावा लागतो.

आता धार्मिक बाजू. सहलीत एक वयस्कर बाई असतातच आणि “मंगेशीला जाऊन येऊ, शांतादुर्गेची ओटी भरायचीय,” असं म्हणतातच. बरोबर आहे. पण मंगेश मुळात मंगेशीचा नव्हे. तो कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, टॅक्सी जिथून पुलावर चढते त्या गावचा. १५६० साली पोर्तुगीजांच्या देवळं पाडण्याच्या धडाक्यात भक्तांनी लिंग उचलून झुआरीपार नेलं, कारण पलीकडे फोंड्याच्या बाजूला तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची, वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह शंखवाळचा. यांतली केळशी, वेर्णे, शंखवाळ ही गावं नकाशावर मुरगावच्या इतकी जवळ आहेत की एका तळहाताखाली झाकावीत. आपण ज्याला गोव्याचं देवदर्शन म्हणतो ते निर्वासितांच्या छावणीचं दर्शन आहे, देवांची घरं अलीकडेच राहिली. यावर कोणी म्हणेल की मग घरी कशाला जायचं, मालक तर पलीकडे राहतात. आक्षेप रास्त आहे. कुठ्ठाळीत आज नदीचा काठ, चर्च, बाजार आणि पुलाखालची सावली एवढंच दिसेल. पण मंगेशीचा दीपस्तंभ ज्याने पाच वेळा पाहिला आहे, त्याने सहाव्या वेळी त्या काठावर उभं राहून एवढंच पाहावं, की नदी केवढी रुंद आहे आणि रात्री होडीतून देव घेऊन ती ओलांडणं म्हणजे काय. मंगेशीला उभं राहून हे कळत नाही, कारण तिथे नदीच नाही. टॅक्सीवाला मात्र म्हणेल, “सायबा, थंय पळोवपाक कांय ना.” त्याचं बरोबर आहे. त्याला पळोवपाचं नाही, पोचवायचं असतं.

खुद्द शंखवाळला जुन्या चर्चचा दर्शनी भाग तेवढा उभा आहे. बाकी सगळं १८३४ मध्ये जळून गेलं. पुढे कमान, मागे आकाश. जुन्या गोव्यातल्या अखंड चर्चसमोर ज्यांना “आत काय आहे ते लवकर पाहून घेऊ” अशी घाई होते, त्यांची इथे सोय आहे. आत काहीच नाही. वाटेत चिखलीजवळ साव जासिंतो नावाचं चिमुकलं बेट लागतं. त्याला रस्त्याने जोडणारा छोटासा बांध आहे, वर एक चॅपेल आहे आणि थोडी घरं. चिखलीच्या खाडीत पातळ, चपट्या शिंपा मिळतात आणि या शिंपांचं गोव्यातल्या जुन्या घरांशी फार जुनं नातं आहे. काच महाग होती त्या काळात खिडक्यांना याच लावत. तळहाताहून थोडी लहान शिंप घ्यायची, कडा कापून चौकोनी करायची आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवून बसवायची, कौलं घालतात तशी. अशा खिडकीतून बाहेरचं काही दिसत नाही, फक्त उजेड येतो, आणि तोही गाळून येतो. भर दुपारचं ऊन आत येईपर्यंत दुधात पाणी घातल्यासारखं मवाळ होतं. शिंपेवर बोट ठेवलं तर अभ्रकासारखे पापुद्रे हाताला लागतात, आणि एखादी शिंप निखळलेली असली तर तिथून एक उन्हाचा तुकडा थेट जमिनीवर पडलेला असतो. अशी खिडकी हल्ली कमी घरांत उरली आहे. जुन्या वस्तीतून चालताना मान वर ठेवली तर एखादी दिसते. दिसली की रस्त्यावरूनच पाहावी, कारण खिडकीच्या मागे घर आहे आणि घरात दुपारी कोणीतरी झोपलेलं असतं. खाडीच्या काठी शिंपा पडलेल्या दिसल्या तर वेचून पिशवीत भरू नयेत. जहाजावर कुठल्या खिडकीला लावणार?

वाहनाचा प्रश्न निघतोच. बंदराच्या आत भटकता येत नाही, तेव्हा फाटकाबाहेर येऊन वास्को गाठावं. गोव्यात मोटरसायकलच्या मागे बसवून नेणाऱ्याला ‘पायलट’ म्हणतात. एकट्या माणसाला तो टॅक्सीपेक्षा स्वस्त पडतो, आणि विमानात न बसताही पायलटच्या खांद्याला धरल्याचं सांगता येतं. आणखी निवांत जायचं तर वास्कोहून कुळ्याकडे जाणारी पॅसेंजर गाडी आहे. हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला तो बंदरासाठीच. दाबोळी, शंखवाळ, कांसावली, माजोर्डा अशी स्टेशनं घेत ती शेतांमधून जाते आणि एकही खरेदीचं दुकान दाखवत नाही. तिचं वेळापत्रक मात्र आधी पाहून ठेवा. जहाज आणि पॅसेंजर या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे दोघांनाही पक्कं माहीत आहे.

आणि दाबोळी-बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय. १९९८ साली उघडलं. विमानतळावर उतरून थेट उत्तरेकडे पळणाऱ्या लाखो लोकांनी ते पाहिलेलं नाही. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे जातीची विमानं तिथे आहेत, पुढच्या पिढीची सी हॅरियरही आहे. पण मांडी घालून बसावं असं तिथलं विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं, आणि बांगड्यासारखी किंचित बाक असलेली पाठ. ते एअर इंडियाचं होतं, तिथून हवाई दलाकडे गेलं, तिथून नौदलाकडे आलं. विलायतेला जायचं म्हणजे हार घालून निरोप देत, त्या काळातलं हे वाहन. विमानात पाय ठेवायला पुरेशी जागा असे आणि खायला काय मिळालं ते घरी पत्राने कळवत, त्या प्रवासाचा हा सांगाडा. ज्यांना क्रूझवर आपण फार ऐषारामात आहोत असं वाटतं, त्यांनी याच्या सावलीत दहा मिनिटं उभं राहावं.

आता उरलेले आक्षेप. बंदर म्हणजे धूळ, कोळसा, ट्रक, तिथे कसली प्रेक्षणीयता? खरं आहे. मुरगावला कोळसा उतरतो, वास्कोचे लोक त्याच्या धुळीबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आहेत आणि ती तक्रार खोटी नाही. पण कळंगुटच्या वाळूत जे काही पायाखाली येतं त्याला धूळ म्हणत नाही एवढाच फरक. दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. गटात एक जण हमखास पहिल्यांदा आलेला असतो, भाऊजींचे भाऊ, किंवा सुनेची मावशी, आणि त्याच्यासाठी सगळ्यांना आग्वादला जावं लागतं. का जावं लागतं? बसच्या सहलीत फुटून निघता येत नाही हे कबूल. पण क्रूझवर सामान केबिनमध्ये, झोपायची जागा ठरलेली, रात्रीचं जेवण एकाच ठिकाणी. घरातली माणसं दिवसभर वेगळी होऊन संध्याकाळी न भांडता एकत्र येऊ शकतील अशी सोय दुसऱ्या कुठल्या प्रवासात आहे? मावशींना टॅक्सीत बसवून द्यावं, काजू त्यांच्याकडूनच मागवावेत. तिसरा आक्षेप असा की अशी ठिकाणं लिहून सांगितली की तिथेही गर्दी होईल. याची काळजी नसावी. लेख वाचणारा “छान माहिती आहे हं” म्हणतो, कात्रण काढतो आणि कळंगुटला जातो. शिवाय जिथे पार्किंग नाही, थंड पेय नाही आणि नावाची पाटी नाही, ती जागा स्वतःचं रक्षण स्वतः करते.

राहता राहिला तो जहाजातून न उतरणारा. पैसे भरलेत तर दिवसभर बुफे सोडायचा कशाला, असं त्याचं म्हणणं असतं आणि बाकीचे त्याला हसतात. या लेखाच्या हिशेबाने तो दुसऱ्या क्रमांकाचा शहाणा आहे. तो डेकवरच्या खुर्चीत बसून, काही न करता, होऊ घातलेली राजधानी, बुडालेलं ‘एरेनफेल्स’ आणि १९६१ ची लढाई यांच्या बरोबर मध्ये असतो. पलीकडे दोना पावलाच्या खडकावर त्याचीच मंडळी त्याच्याकडे हात करून उभी असतात. त्याने उलट हात केला तरी कोणाला कळणार नाही.

संग्रहालय सोमवारी बंद असतं. तिकीट काढताना जहाज मुरगावला कुठल्या वारी लागतं ते आधी पाहून घ्या.